नववी-दहावीच्या पोरांना शिक्षक व्हावंसं वाटायला हवं असेल तर काय करायचं: सोलापूरच्या सिनियर सर-मॅडमसाठी सगळ्या स्टेप्स

५ सप्टेंबरला काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहितीये. दहावीच्या पोरी साड्या नेसून येतात, पोरं वडलांचा फुल शर्ट इन करून येतात, दिवसभर तास पोरंच घेतात, शेवटी हॉलमध्ये मनोगतं होतात आणि मग सगळ्यात सिनियर सर उठून सांगतात की हा पेशा किती पवित्र आहे, तुमच्यातल्या चार-दोन जणांनी तरी इकडं यावं. टाळ्या. पुढच्या आठवड्यात त्याच पोरांना विचारा काय व्हायचंय म्हणून. पोलीस भरती, नर्सिंग, आयटीआय, इंजिनियरिंग, एमपीएससी. शिक्षक एकही नाही.

पोरांचं काही चुकत नाही, आपला क्रम चुकतो. आपण आधी भाषण देतो, मग कुठला कोर्स कुठं आहे ते सांगतो, आणि खरा वर्ग हातात द्यायचं एकतर राहूनच जातं किंवा वर्षातून एकदा गंमत म्हणून होतं. हे सगळं उलटं पाहिजे. आधी शिकवू द्या, छोटं छोटं, परत परत. त्याचं त्याला बरं वाटायला लागलं की मग रस्ता दाखवा, आणि दाखवाल तो खरा दाखवा, पगारासकट आणि वाट बघण्यासकट.

खालची पद्धत बरीचशी माझ्या ओळखीच्या एका गणिताच्या मॅडमची आहे, रिटायरमेंट जवळ आलीये त्यांची, अक्कलकोट रोडच्या बाजूला शाळा. भाषण त्या कधीच देत नाहीत. पण त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं डीएड-बीएडला दिसतात, म्हणून मी त्यांच्या मागं लागून सगळं विचारून घेतलं.

सुरू करायच्या आधीची तयारी

हेडमास्तरांची परवानगी लेखी घ्या. तोंडी 'हो हो करा की' वर जाऊ नका, कारण दोन महिन्यांनी कुणीतरी पालक येऊन विचारणार की आमच्या पोराचा तास सोडून त्याला खाली का पाठवलं, आणि तेव्हा हेडमास्तरांना काही आठवणार नाही.

वर्ग निवडताना तिसरी किंवा चौथी घ्या. पहिलीची पोरं रडतात, शी-शू असते, नवीन पोरगं घाबरून जातं. सातवी-आठवी तर अजिबात नको, दोन वर्षांचं अंतर असतं, ती टर उडवतात आणि आपलं पोरगं परत खडू हातात धरत नाही. तुमच्या संस्थेची प्राथमिक त्याच आवारात असेल तर प्रश्नच मिटला, नसेल तर जवळच्या मनपा शाळेच्या किंवा झेडपी शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन भेटा, चहा प्या, सांगा. बहुतेक जण हो म्हणतात, कारण त्यांच्याकडं माणसं कमीच असतात.

पालकांचं संमतीपत्र दोन्हीकडचं घ्या, शिकवणाऱ्या पोरांच्या पालकांचं आणि त्या शाळेच्या पद्धतीप्रमाणं खालच्या वर्गाचंही. अर्ध्या पानाचं पत्र पुरतं.

वेळापत्रकाचं मात्र नीट बघा. शाळा १५ जूनला उघडली तरी पहिले तीन-चार आठवडे पुस्तकं, गणवेश, नवीन ॲडमिशन यातच जातात. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळं आषाढीच्या आसपास पालखी मार्गावरच्या गावातल्या शाळा तशाही विस्कळीत असतात. म्हणून सुरुवात जुलैच्या मध्यापासून धरा. दहावीच्या पोरांचं दिवाळीआधी संपवा, नंतर त्यांना हात लावू नका. नववी आणि अकरावी ही खरी बॅच, त्यांना फेब्रुवारीपर्यंत चालवता येतं. फक्त जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, मग होम मैदानावर गड्ड्याची जत्रा, त्यातच स्नेहसंमेलन, तेव्हा वर्गात निम्मी पोरं असतात, ते दोन आठवडे सोडून द्या.

*थांबा:* या पोरांना बदली शिक्षक म्हणून वापरायचं नाही. कुणी सर रजेवर आहेत, वर्ग मोकळा आहे, जा रे जरा सांभाळ, असं एकदा जरी झालं तर सगळं संपलं. पोराला कळतं की आपण फुकटचे गडी आहोत. शिवाय खालच्या वर्गात मोठं माणूस नसताना काही झालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. त्या वर्गाच्या बाई किंवा सर वर्गात बसलेले असलेच पाहिजेत, पूर्ण वेळ.

टप्पा १: पोरं शोधणं

हात वर करायला सांगू नका. 'कुणाकुणाला शिक्षक व्हायचंय' म्हटलं की पुढच्या बाकावरच्या चार पोरी हात वर करतात कारण मॅडम खूश होतील, आणि ज्याला खरंच जमेल तो मागं बसून खिडकीबाहेर बघत असतो.

टॉपरपासूनही सुरुवात करू नका. त्याला एकदा वाचून कळतं, समोरच्याला का कळत नाही हेच त्याला कळत नाही. वक्तृत्वात ढाल आणणारं पोरगंही तसंच, बोलणं वेगळं आणि समजावणं वेगळं.

मग बघायचं काय? मधल्या सुट्टीत नि रिकाम्या तासाला बघा. गणित अडलं की वर्गातली पोरं कुणाकडं जातात. आणि गेलेल्याला नाही कळलं तर हा दुसऱ्यांदा तेच वाक्य मोठ्यानं म्हणतो, की वेगळं काहीतरी करून दाखवतो. हा दुसरा जो आहे ना, तो तुमचा माणूस. लाजाळू असला तरी चालेल, पन्नास-साठ मार्कवाला असला तरी चालेल.

आपल्या पूर्व भागात तर अशा पोरी घरोघरी आहेत. आई विड्या वळत बसलेली असते, वडील लूमवर, आणि नववीतली पोरगी गल्लीतल्या बारक्या पोरांना घेऊन ओट्यावर होमवर्क करून घेत असते, अर्धं मराठीत, अर्धं तेलुगूत. तिला कुणी सांगितलेलंच नसतं की हे जे ती करतेय त्याला शिकवणं म्हणतात.

सहा ते आठ जण पुरे. मुलगेही घ्या, मुद्दाम घ्या. प्राथमिकची नोकरी म्हणजे बायकांचं काम असं पोरांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की तुम्ही बोलावल्याशिवाय ते येणार नाहीत.

बोलावायचं कसं तेही महत्त्वाचं. 'तुला शिक्षक व्हायचंय का' हा प्रश्न विचारायचाच नाही, चौदा वर्षांचं पोरगं काय उत्तर देणार त्याचं. मॅडम एवढंच म्हणतात, 'चौथीतल्या पोरांना वजाबाकी येईना बघ, मला जरा हाताखाली माणूस पाहिजे, येतोस का?' मदत मागितली की पोरं येतात.

*चेक करा:* यादीत सगळी एकाच तुकडीची, एकाच गल्लीतली, किंवा सगळी शिक्षकांचीच मुलं आली आहेत का? तसं असेल तर यादी नव्यानं करा.

टप्पा २: आधी नुसतं बसून बघणं

पहिले दोन तास शिकवायचं नाही. पोरगं तिसरी-चौथीच्या वर्गात मागं बसेल, वहीत लिहील. पण 'निरीक्षण कर' म्हणून सोडलं तर ते 'वर्ग छान होता, बाई छान शिकवतात' एवढंच लिहून आणतं. म्हणून काय बघायचं ते ठरवून द्या:

- बाईंनी प्रश्न विचारला, उत्तर येईपर्यंत किती वेळ थांबल्या?
- तासभरात कोण कोण एक शब्दही बोललं नाही?
- एखाद्यानं चुकीचं उत्तर दिलं तेव्हा बाईंनी काय केलं?
- फळ्यावरचं शेवटच्या बाकावरून दिसतं का?

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. आतापर्यंत पोरगं वर्गाकडं विद्यार्थी म्हणून बघत होतं, म्हणजे बाई आणि मी एवढंच. गप्प बसलेली पोरं पहिल्यांदा त्याला दिसायला लागतात. मॅडम सांगतात की बदल इथून सुरू होतो, फक्त त्याचं कौतुक लगेच करायचं नाही, वही बघायची आणि म्हणायचं, बरं, उद्या यातल्या एकाशेजारी बसून बघ.

टप्पा ३: टाचण (म्हणजे पाठाची लेखी आखणी), एकच गोष्ट, दहा-बारा मिनिटं

इथं सगळ्यात जास्त चुका होतात त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पोराला धडा देऊ नका. 'पाचवा धडा घे' म्हटलं की ते धडा वाचून दाखवतं, संपलं. एकच कौशल्य द्या जे दहा-बारा मिनिटांत येतंय की नाही ते तपासता येईल. मॅडमचं आवडतं उदाहरण म्हणजे हातच्याची वजाबाकी. ६३ वजा २८.

आधी पोराला विचारा, तिसरीतलं लेकरू इथं काय चुकेल? बहुतेक जण म्हणतात, 'सर, हातचा घ्यायला विसरेल.' मग त्याला खालच्या वर्गातल्या चार-पाच वह्या आणून द्या आणि शोधायला सांगा. त्यात ४५ हे उत्तर सापडतं. आलं कुठून? तीनातून आठ जात नाहीत, मग लेकरानं सरळ आठातून तीन काढले, पाच लिहिले, सहातून दोन काढले, चार लिहिले. लेकरू विसरलं नाही, त्यानं स्वतःचा एक नियम केलाय की मोठ्यातून लहान काढायचा. हे ज्या क्षणी नववीच्या पोराला कळतं ना, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. चूक म्हणजे ढपणा नाही, चुकीच्या मागं डोकं चाललेलं असतं, हे त्याला कुठलंही भाषण शिकवू शकत नाही.

आता हे सोडवायचं कसं ते त्यालाच ठरवू द्या. काड्यांचे गठ्ठे घेतले तर सहा गठ्ठे आणि तीन सुट्या. आठ काढायच्यात, सुट्या तीनच. मग एक गठ्ठा सोडायचा, झाल्या तेरा सुट्या, गठ्ठे राहिले पाच. तेरातून आठ गेल्या, पाच. पाच गठ्ठ्यांतून दोन गेले, तीन. पस्तीस. रबर बँड लेकराच्या हातानंच सोडवून घ्यायचा, आपण सोडवून दाखवायचा नाही.

आपल्याकडं अजून एक भानगड असते. त्रेसष्ट ऐकून काही पोरं ३६ लिहितात. मराठीत तीन आधी येतो आणि साठ नंतर, पण घरी तेलुगूत अरवै मूडु, कन्नडमध्ये अरवत्तमूरु, दोन्हीकडं साठ आधी. सात वर्षांचं लेकरू दोन्ही सांभाळतंय, गडबड होणारच. तेलुगू किंवा कन्नड येणाऱ्या तुमच्या नववीच्या पोरीला हे आपोआप कळतं आणि ती लेकराला घरच्या भाषेत एकदा सांगून पुढं जाते. बऱ्याच मोठ्या शिक्षकांना हे जमत नाही. तिला हे सांगा, हे कौतुक खोटं नाही.

टाचण एका पानाचं. काय येणार, पहिला प्रश्न कोणता, साहित्य काय, शेवटी तपासायचं कसं. हेतू-उद्दिष्टं वगैरे बीएडच्या पाठासारखे रकाने पाडायला लावू नका, त्याला ते पुढं जन्मभर आहेच.

*चेक करा:* टाचणात 'समजावून सांगेन' हा शब्द किती वेळा आलाय? दोनपेक्षा जास्त असेल तर पोरगं भाषण ठोकणार आहे. काट मारा आणि तिथं लेकरं काय करतील ते लिहायला लावा.

टप्पा ४: प्रत्यक्ष तास

तुम्ही मागच्या बाकावर. तोंड बंद. मॅडमच्या मते सगळ्यात अवघड भाग हाच आहे आणि तो पोरासाठी नाही, आपल्यासाठी अवघड आहे. तीस वर्षं वर्ग घेतलेल्या माणसाला फळ्यावर चूक दिसली की राहवत नाही. तरी उठायचं नाही. गणितच पूर्ण चुकीचं शिकवलं जातंय असं दिसलं तरच, आणि तेव्हाही 'सर, मला एक शंका आहे' म्हणून हात वर करायचा, पोरांसारखा. लेकरं हसतात, शिकवणारा फळा बघतो, चूक त्याची त्याला सापडते.

गोंधळ होईल. होऊ द्या. पहिल्यांदा पाचव्या मिनिटाला पोरगं वळून आपल्याकडं बघतंच, 'सर, हे ऐकेनातच की ओ' असं तोंड करून. तुम्ही वहीत बघा.

मारायचं नाही, कान धरायचा नाही, अंगठे धरायला लावायचं नाही, 'ढ आहेस का' म्हणायचं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे, हे त्यांना पहिल्या तासाआधीच स्पष्ट सांगा. हे आवर्जून लिहितोय कारण पोरं आपलीच नक्कल करतात, आणि तुमच्या शाळेत कुणाच्या हातात अजून पट्टी असेल तर ती तुम्हाला चौथीच्या वर्गात नववीच्या पोराच्या हातात दिसेल.

शेवटची दोन मिनिटं राखून ठेवा. प्रत्येक लेकराला कागदाचा तुकडा, एकच गणित, नाव लिहून परत.

टप्पा ५: तासानंतरचं बोलणं

त्याच दिवशी करा. उद्यावर टाकलं की विषय संपतो. आणि क्रम सोडू नका.

१. आधी ते कागदाचे तुकडे मोजायला लावा. किती जणांना आलं, किती जणांना नाही, न आलेल्यांनी काय लिहिलंय.

२. मग त्याला विचारा, परत घेतलास तर काय बदलशील?

३. मग तुमची एक गोष्ट. फक्त एक. तुम्हाला चौदा दिसल्या असतील, तेरा गिळा.

बहुतेक सिनियर लोक तिसऱ्यापासून सुरू करतात आणि त्यातच थांबतात. 'आवाज लहान होता, फळ्याकडं पाठ केलीस, अक्षर तिरकं, वेळ पुरला नाही.' सगळं खरं असतं आणि पोरगं पुढच्या आठवड्यात पोट दुखतंय म्हणून येत नाही.

खोटं कौतुकही नको. 'वा, जन्मजात शिक्षक आहेस' हे तर नकोच, कारण मग दुसरा तास फसला की त्याला वाटतं जन्मजात काहीतरी गेलंच आपल्यातलं.

टप्पा ६: तोच पाठ, दुसरी तुकडी

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात. पुढच्या आठवड्यात नवीन विषय देतात, म्हणजे पोरगं दरवेळी पहिल्यांदाच शिकवत असतं. असं करू नका. तोच पाठ, ब तुकडीत, आठवड्याभरात. काय बदलायचं ते त्यानं स्वतःच सांगितलंय, आता बदलून बघू दे. पहिल्या वेळी निम्म्या कागदांवर ४५ असेल तर दुसऱ्यांदा ते कमी होतात, आणि कमी झालेले तो स्वतः मोजतो. मॅडमच्या अनुभवात पोरं 'मॅडम, परत कधी जायचं?' असं या दुसऱ्या वेळेनंतर विचारायला लागतात, पहिल्या वेळेनंतर कुणी विचारत नाही.

नंतर विषय बदला, वाचन घ्या, परिसर अभ्यास घ्या, दोघांना मिळून एक तास द्या. काही जण मधेच सोडतील. सोडू द्या, प्रेमानं. नको असलेली नोकरी चौदाव्या वर्षी कळली तर बरंच की.

टप्पा ७: आता रस्ता सांगा, सगळा

चार-सहा तास घेऊन झाले आणि जी पोरं टिकली त्यांना बसवा. आता माहिती. इथं अर्धवट माहितीनं लई नुकसान होतं, विशेषतः 'कर की बीएड, कुठंतरी लागशील' असं मोघम सांगणाऱ्यांमुळं. पोराला कितवीला शिकवायचंय तिथून उलटं मागं या:

- पहिली ते पाचवी: बारावी, मग दोन वर्षांचं डी.एल.एड., ज्याला सगळे अजून डीएड म्हणतात. बारावी कुठल्याही शाखेची चालते, ओपनला ४९.५ टक्के, राखीवला ४४.५. मग टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक.
- सहावी ते आठवी: ग्रॅज्युएशन, डीएड किंवा बीएड, आणि टीईटी पेपर दोन.
- नववी-दहावी: ग्रॅज्युएशन आणि दोन वर्षांचं बीएड. त्याला आधी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा. ग्रॅज्युएशनला ओपनला ५० टक्के, राखीवला ४५.
- अकरावी-बारावी: त्या विषयाचं एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.कॉम., आणि बीएड.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की बीएड झालं म्हणजे पहिलीपासून कुठंही चालतं. चालत नाही. सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलंय की पहिली ते पाचवीला डीएडच लागतं. लहान पोरांत रमणाऱ्या पोरीला आधी बीए, मग बीएड असं पाच वर्षं फिरवून आणलं आणि मग कळलं तर काय उपयोग.

चार वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्सही सांगा, आयटीईपी म्हणतात, बारावीनंतर थेट, पदवी आणि बीएड एकत्र, एक वर्ष वाचतं. त्याला एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते ती एनसीईटी प्रवेश परीक्षा. कॉलेजं सध्या मोजकीच आहेत, महाराष्ट्रातल्या पोरांसाठी भोपाळचं आरआयई (रिजनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन) हा एक पर्याय, पण घरापासून लांब, ते घरच्यांशी आधी बोलावं लागतं.

टीईटी दीडशे मार्कांची, ओपनला ६० टक्के लागतात, राखीवला ५५, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि पास झाल्यावर सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालतं, पूर्वी सातच वर्षं चालायचं. ती पास झालं म्हणजे नोकरी लागली असं नाही. पुढं टेट असते, दोनशे मार्कांची अभियोग्यता परीक्षा, तिच्या मार्कांवर पवित्र या सरकारी शिक्षक भरतीच्या पोर्टलमधून भरती. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, नावं सारखी असल्यामुळं पालकच काय, काही शिक्षकसुद्धा गोंधळतात.

आता कडू भाग. टेट २०१७ ला झाली, त्यानंतर थेट २०२३ ला, मग २०२५ ला. म्हणजे एखाद्या बॅचनं पाच वर्षांच्या वर वाट बघितलीये. नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर. २०२३ पासून ते प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार आहे, तीन वर्षांनी पूर्ण वेतनश्रेणी. हे लपवू नका. पोरं हुशार आहेत, मोबाईल आहे, त्यांना कळणारच, आणि तुमच्याऐवजी दुसरीकडून कळलं तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचा विश्वासही जातो.

मग एवढं सांगून पोरगं पळून जाणार नाही का? ज्यानं वर्ग घेतलाय तो सहसा पळत नाही, तो विचारतो की मग मधल्या काळात काय करायचं. या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा: ग्रॅज्युएशन चांगल्या विषयात आणि चांगल्या मार्कांनी, म्हणजे दुसरे रस्तेही उघडे राहतात, सीटीईटी, म्हणजे केंद्राची टीईटी, तीही देऊन ठेवायची, इंग्रजी आणि गणित-विज्ञान पक्कं असेल तर खासगी शाळांत काम मिळतं, पगार शाळेगणिक बदलतो. स्पेशल एज्युकेशन, चित्रकला शिक्षकाचा एटीडी डिप्लोमा, खेळाच्या शिक्षकाचं बीपीएड हेही कानावर घाला, आपल्याकडं ते कुणी सांगतच नाही.

*थांबा:* 'एवढे एवढे भरा, अमक्या संस्थेत लावून देतो' म्हणणारा माणूस पोराच्या घरी येणारच, कधी ना कधी. आत्ताच सांगून ठेवा की पैसे द्यायचे नाहीत आणि ओरिजिनल मार्कशीट कुणाच्या हातात ठेवायची नाही.

नियम बदलत असतात. दरवर्षी नवीन माहितीपत्रक बघूनच सांगा, आपण बीएड केलं तेव्हा असं होतं यावर जाऊ नका.

टप्पा ८: घर

पालकांना ऑफिसात बोलावून समजावू नका. शाळेतून बोलावणं आलं की आई-बापाला वाटतं पोरानं काहीतरी केलंय, अर्धा पगार बुडवून येतात, तणतणत. त्यापेक्षा पोराचा तास बघायला बोलावा, वडलांची शिफ्ट विचारून वेळ ठरवा. शेवटच्या बाकावर बसून आपली पोरगी चाळीस लेकरांना शिकवतेय हे दहा मिनिटं बघितलं की तुम्हाला फार बोलावं लागत नाही.

तरी प्रश्न येतातच. 'डिसले गुरुजींसारखं होईल का ओ आमचं पोरगं?' हा हल्ली हमखास. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना ते नाव पाठ आहे. बक्षिसावर बोलणं नेऊ नका. सरळ सांगा की नोकरीला लागेपर्यंत बारावीनंतर कमीत कमी दोन, नाहीतर पाच वर्षं शिक्षण, वर भरतीची वाट, तेवढं घर थांबू शकतं का. नसेल थांबू शकत तर शिकता शिकता ट्यूशन घेणं, कमवा आणि शिका, सरकारी कॉलेज, स्कॉलरशिप यावर बोला.

पोरीच्या घरी एक वाक्य ऐकायला मिळतंच, 'टीचर बरंय, दुपारी घरी येते, लग्नालाही चांगलं.' त्या वाक्यावर आपलं काम होत असेल तरी ते वापरू नका. त्याच वाक्यावर उद्या तिचं बीएड मधेच थांबवतात.

टप्पा ९: कागदपत्रं आणि पुढची दोन-तीन वर्षं

कंटाळवाणं आहे पण पोरं इथंच गळतात. दहावीच्या मार्कशीटवर जाणारं शाळेतलं नाव, आधारवरचं नाव आणि जातीच्या दाखल्यावरचं नाव एक आहे का ते नववीतच बघा. आपल्याकडं तेलुगू आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग एकाच घरात तीन प्रकारचं असतं आणि ते पोर्टलवर फॉर्म भरताना उघडं पडतं, तेही शेवटच्या दिवशी. दहावीचा बोर्डाचा फॉर्म जायच्या आधी दुरुस्ती करून घेणं सोपं, नंतर लई चकरा.

जात प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाइल, आणि जात पडताळणीचा अर्ज बारावीच्या आत. हे पालकांवर सोडू नका, शाळेतूनच एक दिवस ठरवून सगळ्यांचं एकदम करा, क्लार्कला आधी सांगून ठेवलं की होतं.

दहावीनंतर पोरं वेगवेगळ्या ज्युनियर कॉलेजांना पांगतात. व्हॉट्सॲप ग्रुप करा पण सुविचार टाकायचा ग्रुप नको, फक्त तारखा: डीएडचे अर्ज, बीएड सीईटी, एनसीईटी, टीईटी. आणि वर्षातून एकदा, जुलैत, नवीन बॅच टप्पा दोनला बसली की जुन्यांना बोलवा. त्यांच्याकडून भाषण करून घेऊ नका, तिसरीच्या वर्गात मागं नवीन पोरांशेजारी बसवा आणि तासानंतरचं बोलणं त्यांना घेऊ द्या. एक गोष्ट सांगायची, तेरा गिळायच्या, हा नियम त्यांनाही लागू आहे हे मात्र आधी बजावा, कारण अकरावीत गेलेलं पोरगं आपल्यापेक्षा जास्त चुका काढतं.